घरकाम असताना पिलाटेस कशाला? आणि मनावर खरंच फरक पडतो का?

प्रश्न देवगडकडच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगते. वय ४३, नवरा मुंबईला नोकरीला, घरी सासूबाई आणि दहावीतली मुलगी. गेले काही महिने आठवड्यातून तीन दिवस पिलाटेस, म्हणजे मॅटवर सावकाश, श्वासाबरोबर करायचा व्यायाम, करतायत, वजनाचा काटा काही हललेला नाही, पण चिडचिड कमी झालीय आणि रात्री झोप बरी लागते असं त्यांना वाटतं, तर हे व्यायामामुळे आहे की आपल्याच मनाचे खेळ? आणि त्यांनी मॅट घातली की सासूबाई विचारतात, "घरातला काम कमी पडता काय गो तुका?", त्यांना काय सांगायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरीत प्रॅक्टिस करते आणि बरीच वर्षं बायकांचे मॅट पिलाटेसचे क्लास घेतेय. आधी सासूबाईंचं घेते, कारण खरं सांगायचं तर दोघींत त्यांचा प्रश्न जास्त अवघड आहे.

आपल्याकडच्या बाईला हालचाल कमी पडते असं कोणी म्हणूच शकणार नाही. खळं झाडायचं, पावसाळ्यात लावणीला तासन् तास वाकून राहायचं, आंब्याच्या सीझनला पेट्या भरत बसायचं, कोणी काजूच्या फॅक्टरीत जातं, कोणी मासळीची पाटी घेऊन बाजारात. आणि तरी पाठ धरलेली, मान आखडलेली, रात्री दोन वाजता जाग येऊन आढ्याकडे बघत पडलेली अशी बाई माझ्याकडे येते ती यांच्यातलीच असते. व्यायाम आणि मन यावर जे संशोधन झालंय त्यात एक गोष्ट मला फार पटते, फुरसतीच्या वेळात स्वतःहून केलेल्या व्यायामाचा मनाच्या तब्येतीशी चांगला संबंध दिसतो, आणि नोकरीतल्या किंवा घरातल्या श्रमांचा तसा दिसत नाही. स्नायूला काय, तो हंडा उचलतोय की डंबेल हे त्याला कळत नाही, पण डोक्याला बरोबर कळतं. भांडी घासताना हात भांड्यात आणि डोकं चार ठिकाणी असतं, मुलीचा क्लास सुटला का, हप्त्याचे पैसे आले का, ह्यांचा आज फोन का नाही. शिवाय ते काम कधी थांबवायचं हे आपल्या हातात नसतं, आणि केलं तर कोणी केलं म्हणत नाही, राहिलं तर मात्र सगळ्यांना दिसतं.

तेव्हा सासूबाईंना सांगायचंच असेल तर वाद न घालता एवढंच सांगा की आई, कामाने माझं अंग दमतं आणि याने डोकं मोकळं होतं, दोन्ही वेगळं आहे. जमलं तर त्यांना खुर्चीत बसवून पुढे सांगितलाय तो श्वासाचा प्रकार करायला लावा, खांदे मागे, पाय जमिनीला टेकलेले. माझ्या अनुभवात एकदा सासू खुर्चीवर बसून करायला लागली की टोमणे निम्म्यावर येतात, हे कुठल्या संशोधनात नाही, माझं निरीक्षण आहे.

आता मूळ मुद्दा. पिलाटेसमध्ये असं काय आहे की मनावर फरक पडावा?

ही पद्धत काढली जोसेफ पिलाटेस या जर्मन माणसाने. जन्म १८८३ चा, लहानपणी दमा आणि मुडदूस, म्हणजे प्रकृतीने तोळामासाच. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता आणि जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्याला छावणीत डांबलं, तिथे तो बाकीच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा, पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन त्याने बायकोबरोबर, क्लारा तिचं नाव, स्टुडिओ काढला. तो स्वतः या पद्धतीला कंट्रोलॉजी म्हणायचा, आणि १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर करायचे ३४ व्यायाम आहेत, मशीन नाही काही नाही. हे मुद्दाम सांगते कारण हल्ली रीलमध्ये ते स्प्रिंगवालं रिफॉर्मर मशीन बघून बायकांना वाटतं की आपल्या गावात ते नाही म्हणजे आपलं खरं पिलाटेस नाही. एक साधी मॅट किंवा दोन पदरी घातलेली चटई पुरते, फक्त गुळगुळीत लादीवर ती सरकणार नाही एवढं बघायचं.

यातला मनाला लागू पडणारा भाग म्हणजे लक्ष. उदाहरण म्हणून शोल्डर ब्रिज घ्या, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, वरवर बघता सोपा. नवीन बाई धाडकन अख्खी पाठ उचलते, दात आवळलेले, श्वास कोंडलेला, खांदे कानापर्यंत. मी म्हणते असं नको, आधी माकडहाड, मग कंबरेचा खालचा मणका, मग त्याच्या वरचा, एकेक करून मॅटवरून सुटू दे, आणि खाली येताना उलट, छातीमागचा मणका आधी टेकेल आणि माकडहाड सगळ्यात शेवटी. पहिले काही आठवडे तिला मधले मणके वेगळे जाणवतच नाहीत, पाठ म्हणजे एक सलग फळी. मग एखाद्या दिवशी मध्येच ओरडते, "आता कळला मला कंबरेचा!" हे करताना डाळीचा विचार करता येत नाही, केलात तर पाठ परत फळीसारखी पडते आणि तुमचं तुम्हालाच कळतं. मन भरकटलं की शरीर लगेच सांगतं, त्यामुळे ज्यांना डोळे मिटून ध्यानाला बसणं अजिबात जमत नाही अशा बायकांना हे जमतं, असं मी पुष्कळदा बघितलंय. तेच तेच विचार घोळवत राहायची सवय चिंता आणि नैराश्य दोन्हींना खतपाणी घालते, आणि इथे पाऊण तास तरी त्या घोळाला जागा मिळत नाही.

दुसरा भाग श्वास. झोपून दोन्ही तळवे बरगड्यांवर, बोटांची टोकं एकमेकांना लागतील अशी. नाकाने श्वास घेतला की बरगड्या बाजूला फुलून बोटं एकमेकांपासून सुटली पाहिजेत, मग तोंडाने हळू, लांब सोडायचा, सोडताना ओटीपोट आपोआप आत जातं आणि बोटं परत भेटतात. करून बघा, पहिल्या दिवशी बहुतेकींची बोटं हलतही नाहीत, श्वास नुसता गळ्यापाशी चाललेला असतो आणि खांदे वरखाली होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ते काम व्हेगस नावाची नस करते, त्यामुळे लांब सोडलेल्या श्वासाने अंगातली धडधड उतरते, यात जादू काही नाही. हंड्रेड नावाचा जो प्रसिद्ध प्रकार आहे त्यात पाच आकडे श्वास घेत आणि पाच आकडे सोडत हात हलवायचे, असे दहा वेळा, म्हणजे शंभर. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका आहेत, वर्गात पोरं फार डोक्यात गेली की फळ्याकडे तोंड करून फक्त पाच आकडे श्वास सोडतात आणि मग वळतात, त्यांचं म्हणणं मॅटवर मिळालं त्यातलं सगळ्यात उपयोगी तेच.

तिसरा भाग जमण्याचा. आल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त कशाने वाढतो तर ती आधी थोडी थोडी जमल्याने, कोणी पाठ थोपटून तेवढा वाढत नाही. चाळिशीच्या बाईच्या आयुष्यात नवीन काहीतरी शिकून ते जमलं असं शेवटचं कधी घडलेलं असतं सांगा. रोल अप, म्हणजे झोपलेलं असताना हाताचा टेकू न घेता सावकाश उठून बसणं, हे एके दिवशी जमतं तेव्हा ती बाई घरी जाऊन नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून दाखवते. हसू नका, यातूनच पुढे बँकेत एकटी जाऊन फॉर्म भरणं वगैरे सुरू झालेलं मी बघितलंय.

आता पुराव्याचं स्पष्ट सांगते, कारण नेटवर फारच गोड गोड लिहिलेलं असतं. पिलाटेस आणि मनःस्वास्थ्य यावरचे नियंत्रित अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात नैराश्याची लक्षणं, चिंता आणि थकवा कमी झालेला आणि उत्साह वाढलेला दिसला. पण ते अभ्यास मोजकेच होते आणि प्रत्येकात माणसं थोडी. यातली मोठी अडचण अशी की गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटं पिलाटेस देता येत नाही, ज्या बाईला व्यायाम मिळाला तिला तो मिळाला हे माहीत असतंच, त्यामुळे बरं वाटण्याची अपेक्षा थोडी त्यात मिसळते. शिवाय तुलना बऱ्याचदा काहीच न करणाऱ्यांशी असते. कंबरदुखीवर २०१५ मध्ये जो कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास तपासून एकत्र मांडणाऱ्या संस्थेचा, आढावा आला त्यातही हेच, काही न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा सरस असल्याचा पक्का पुरावा नाही. मनाच्या बाबतीत माझंही मत तेच आहे. तुमची मैत्रीण योगासनं करत असेल आणि तिला बरं वाटत असेल तर तिला पिलाटेसमध्ये ओढायची काही गरज नाही.

मग मनाचे खेळ आहेत का? थोडे असतीलही, आणि असले तर असू देत, पण तुम्हाला खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री दोन आकडे लिहा, काल झोप कशी लागली ० ते १० मध्ये आणि आज डोकं किती तापलं ० ते १० मध्ये. मॅटचा दिवस असेल तर टिंब. पाळीची तारीख तर बायका तिथेच लिहितात, ते बरंच आहे, कारण पाळीच्या आधीची चिडचिड वेगळी काढता येते. दोन महिने झाले की पानं मागे उलटून बघा. एकेका दिवसाला काही अर्थ नसतो, पहिले दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी ठेवा. मी दोन महिने म्हणते कारण बहुतेक अभ्यासही आठ ते बारा आठवड्यांचेच आहेत.

आणि वजनाचं मनातून काढून टाका. मॅट पिलाटेसमध्ये फार कॅलरी जळत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून जे सांगते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा, त्यातला दुसरा भाग पिलाटेसने होतो, पहिल्यासाठी चालणं हवंच. वजनकाट्यासाठी येणाऱ्या बायका महिन्याभरात गळतात. ज्या टिकतात त्या "पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरत नाही", "गॅस सिलिंडर सरकवला" अशा भाषेत बोलायला लागलेल्या असतात, आणि आपलं शरीर कसं दिसतं यावरून लक्ष ते काय करू शकतं याकडे गेलं की आरशापुढचा वैताग कमी होतो. माझ्या क्लासमध्ये आरसा नाही, मुद्दाम. कपड्यांचंही तेच, घट्ट पँट लागत नाही, सलवार किंवा ट्रॅक पँट चालते, गाऊन मात्र नको, पाय वर केला की निम्मं लक्ष गाऊन सावरण्यात जातं.

एका गोष्टीबद्दल कोणी उघड बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवीचे थेंब जाणं. बाळंतपणानंतर आणि चाळिशीपुढे हे खूप जणींना होतं आणि त्याचा मनावर जो परिणाम होतो तो बघून मला फार वाईट वाटतं. बाई लग्नाला जायचं टाळते, एसटीने रातराणीने मुंबईला जायचं असेल तर दुपारपासून पाणी बंद करते, हसताना पाय आवळून बसते, आणि घरच्यांना वाटतं हिचा स्वभावच बदलला. पिलाटेसमध्ये श्वास सोडताना ओटीपोटाबरोबर पेल्विक फ्लोअर, म्हणजे लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते, हलकेच वर ओढायला शिकवतात, त्याचा उपयोग होतो. पण यावर पहिला उपाय म्हणजे त्याच स्नायूंचा नेमका, वेगळा व्यायाम, किमान तीन महिने, आणि तो फिजिओकडून नीट शिकून घ्यावा कारण पुष्कळ जणी आत ओढायच्या ऐवजी खाली जोर लावतात आणि त्रास वाढवून घेतात. नुसता क्लास लावून हे आपोआप जाईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पाळी जायच्या आसपासचा काळ, आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या आगेमागे, आणि त्याआधीची चार-पाच वर्षं मूडच्या दृष्टीने अवघड असतात. ताई, ४३ म्हणजे तुमचं ते सुरू होत असेलही. अंगातून गरम वाफा येणं व्यायामाने कमी होतं याला पक्का पुरावा नाही, आणि आपल्या मे महिन्यात तर वाफ आतली की बाहेरची हेच कळत नाही. झोप आणि मूड यांना मात्र फायदा होताना दिसतो. पण सगळं पाळीवर किंवा टेन्शनवर ढकलू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, आणि रक्त कमी असलेली बाई थकलेली आणि चिडलेली असणारच, तिला व्यायामाने उलट जास्त धाप लागेल. तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ एकदा करून घ्या.

क्लासमध्ये कधी कधी एखादी रडते. शेवटी सगळं सैल सोडून पडलेली असते आणि डोळ्यातून पाणी. नेटवर यावर "कंबरेत भावना साठतात" असं काय काय लिहितात, मला ते पटत नाही आणि त्याला आधारही नाही. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कोणी काही मागत नसतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. आम्ही कोणी विचारत नाही, बाजूची मैत्रीण पाण्याची बाटली सरकवते. ग्रुपचा भागही या सगळ्यात मोठा आहे, नवरा बाहेरगावी आणि घरात दोन पिढ्या सांभाळणारी बाई आठवड्यातून तीनदा बरोबरीच्या सहा-सात जणींत बसते, त्यात पिलाटेस किती आणि गप्पा किती हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

नियमितपणाचं म्हणाल तर इकडे वर्षाचं गणितच वेगळं असतं. पावसात, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आपल्याकडे, चालायला जाणाऱ्यांचं चार महिने बंद होतं, तेव्हा पडवीत मॅट घालणारी बाई जिंकते. मार्च ते मे आंबा, मग लावणी, मग चाकरमानी गणपतीला आले की घर भरलेलं, या दिवसांत तीनदा पाऊण तास जमणारच नाही, मी आधीच सांगून ठेवते की दहा मिनिटं करा, श्वास, ब्रिज आणि मांजरासारखी पाठ वर-खाली, बस. पूर्ण सोडलं की परत सुरू करायला जो अपराधीपणा येतो तोच बायकांना घालवतो, कंटाळा नाही घालवत.

मोबाईलवर बघून करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर पुढे गोल वाकण्याचे प्रकार, रोल अप आणि चेंडूसारखं लोळणं, करू नका, मणक्यांवर नको तो दाब येतो. बाळंतपण झालेलं असेल तर साधारण सहा आठवडे आणि सिझेरियन असेल तर त्याहून जास्त थांबा, आणि पोटाच्या मधोमध उभा फुगवटा दिसत असेल तर आधी तपासून घ्या.

शेवटचं सगळ्यात गंभीर. कशातच रस नाही, रडू येतंय, झोप आणि भूक बिघडलीय आणि हे दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज चाललंय, तर ती नुसती चिडचिड राहिलेली नसते. डॉक्टरांकडे पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी यादी असते, २७ पैकी १० किंवा जास्त आले की पुढे नीट तपासणी लागते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि जाणं अवघड असेल तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, जीव नकोसा वाटतो असे विचार येत असतील तर थांबूच नका, त्याच क्षणी लावा आणि घरात कोणाला तरी सांगा. आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पिलाटेसने बरं वाटायला लागलं म्हणून त्या मनाने बंद करू नयेत, दर सीझनला एखादी तरी असं करते आणि महिन्याभरात परत खाली जाते. गोळ्या डॉक्टर कमी करतील तेव्हा कमी होतील, मॅट तोपर्यंत चालू ठेवा, दोन्ही एकत्र बिनधास्त चालतं.